ओल्या सील कोटवर घाईचे पट्टे: नुकसान कोणी सोसायचं?

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या पार्किंगमधल्या जुन्या डांबरावर एका कंत्राटदाराकडून सील कोट, म्हणजे डांबर जपणारा पातळ काळा लेप, करून घेतला. दुसरा थर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास संपला. रविवारी सभासदांनी गाड्या बाहेर लावल्या होत्या, म्हणून सकाळी दुसऱ्या कंत्राटदाराकडून पांढरे पट्टे आणि जागांचे क्रमांक मारून घेतले. दहा दिवसांत इमारतीच्या सावलीतल्या बाजूचे पट्टे तपकिरी पडले आणि भेगाळले. आता तीन आठवडे झालेत, पट्टे सोलून निघताहेत, काही ठिकाणी खालच्या काळ्या थरासकट. सील कोटवाला म्हणतो, "माझ्या कामावर लगेच रंग चढवलात, हमी संपली." रंगवाला म्हणतो, "मी थांबूया म्हणालो होतो, उरलेलं बिल द्या." आम्ही दोघांचेही पैसे अडवले आहेत. काही सभासद नुकसान माझ्याकडूनच वसूल करा म्हणताहेत. दावा कोणावर करायचा? – एक सचिव

उत्तर: सचिव महोदय, तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला सगळ्यांत जड वाटला तो रविवारी सकाळी सव्वासातचा व्हॉट्सअ‍ॅप संवाद. रंगवाला लिहितो, "मागच्या बाजूला अजून चिकट लागतंय. उद्या केलं तर चालेल का?" आणि सोसायटीच्या फोनवरून उत्तर जातं, "गाड्या परत बाहेर काढता येणार नाहीत, आजच उरका."

या दोन ओळींमुळे तुमचा दावा बुडत नाही, पण पूर्ण भरपाईची आशा मात्र सोडा.

भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ६७ असं सांगतं की, काम करवून घेणाऱ्यानेच ते नीट करण्यासाठी लागणारी वाजवी सोय दिली नाही, तर त्यामुळे जे काम बिघडलं किंवा राहिलं त्यापुरता काम करणारा जबाबदारीतून सुटतो. कायद्यातलं उदाहरण घरदुरुस्तीचं आहे: दुरुस्ती नेमकी कुठे हवी हे मालक दाखवतच नसेल, तर दुरुस्ती झाली नाही म्हणून कारागिराला धरता येत नाही. वाळलेली जमीन आणि त्यासाठी लागणारा एक दिवस ही रंगवाल्याला हवी असलेली सोय होती आणि ती तुम्ही नाकारलीत, असं त्याचा वकील म्हणेल. मी त्याच्या बाजूने असतो तर पहिलं पान याच मुद्द्यावर खर्च केलं असतं.

पण त्याने काय लिहिलं ते पुन्हा वाचा. त्याने विचारलं, बजावलं नाही. पट्टे मारणं हा त्याचा धंदा आहे. चिकट थरावर रंग टिकत नाही हे त्याला माहीत असायलाच हवं, तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. "आज मारले तर सुटतील, माझी हमी राहणार नाही" असं त्याने लिहिलं असतं आणि तरी तुम्ही "उरका" म्हणाला असतात, तर मी तुम्हाला त्याचं बिल देऊन टाका म्हणालो असतो. त्याने परिणाम सांगितला नाही आणि दिवसाची मजुरी वाया जाऊ नये म्हणून काम उरकलं. त्यामुळे जबाबदारी वाटली जाईल, असं माझं मत आहे.

आता सील कोटवाला. त्याच्या कोटेशनमध्ये "२४ तासांनंतर वापरास खुले" एवढंच आहे. तुम्ही त्याचा अर्थ 'रविवारी पट्टे मारता येतील' असा घेतलात, पण त्यात दोन घोटाळे आहेत. एक, शनिवारी चार ते रविवारी साडेसात म्हणजे २४ तास होतच नाहीत, साडेपंधरा होतात, आणि त्यातली बहुतेक रात्र. पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, म्हणजे इमल्शनचा, सील कोट त्यातलं पाणी उडून वाळतो. ऊन, वारा आणि कोरडी हवा असेल तर लवकर; दमट हवेत, थंडीत आणि सावलीत उशिरा. वर काळी कोरडी साय धरते, खाली ओल राहते. २४ तास हा अशा कामात चांगल्या हवेतला किमान अवधी समजतात. सावलीच्या कोपऱ्याला ४८ तास किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. दोन, गाडी जाण्याइतका थर वाळणं आणि रंग धरण्याइतका वाळणं यांत फरक आहे. रंगाची साय वर बसली की खालच्या पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. मग थर आकसतो आणि वरचा पट्टा भेगाळतो.

हा फरक सांगण्याची जबाबदारी सील कोटवाल्यावर होती का? त्याला पट्ट्यांचं काम दुसऱ्याच दिवशी आहे हे माहीत असेल, तर होती, असं मी म्हणेन. ते त्याला कळवल्याचा एखादा संदेश किंवा फोनची नोंद शोधा. तुमच्या कागदांत मला ती दिसली नाही आणि ही मोठी उणीव आहे. त्याचं "हमी संपली" हे म्हणणं मात्र तसंच गिळू नका. हमीपत्रात 'इतरांनी वर काम केल्यास हमी रद्द' अशी अट नाही. अट नसेल तर त्याला हे सिद्ध करावं लागेल की बिघाड रंगामुळे झाला, त्याच्या थरामुळे नाही.

इथे कायद्याची पुस्तकं बाजूला ठेवून पार्किंगमध्ये उकिडवे बसा. सोललेल्या पट्ट्याचा तुकडा उलटा करून पाहा. मागची बाजू जवळपास स्वच्छ पांढरी असेल, तर रंगाने सील कोटला धरलंच नाही. मागे काळ्याचा पातळ लेप असेल, तर सील कोट मऊ असताना रंग चढला. हा घाईचा दोष. पण काळा थर अख्खाच्या अख्खा उठून आला असेल, त्याच्या मागे धूळ किंवा तेलाचा डाग असेल आणि खाली जुनं डांबर उघडं पडलं असेल, तर सील कोटने जमिनीलाच धरलेलं नाही. झाडलोट किंवा तेलाचे डाग काढणं राहिलं असणार. तिथे पट्टे महिन्याने मारले असते तरी फरक पडला नसता. तो दोष पूर्णपणे सील कोटवाल्याचा आणि त्याला पट्ट्यांमागे लपता येणार नाही.

तपकिरी डाग ही आणखी वेगळी गोष्ट. रंगातलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रावण, डांबराला विरघळवतं आणि ते पांढऱ्यात वर येतं. ताज्या इमल्शनवर पाण्यावर आधारलेला रंग त्यामानाने निर्धोक असतो. कोणता रंग वापरायचा हे तुम्ही सांगितलं नव्हतं, ते रंगवाल्याने ठरवलं. डबे सॉल्व्हंटच्या रंगाचे निघाले, तर निदान डागांपुरतं तुमचं "आजच उरका" त्याच्या कामी येत नाही. रिकामे डबे भंगारात गेले नसतील तर आजच ताब्यात घ्या, लेबलांचे फोटो काढा आणि उत्पादकाची माहितीपत्रिका मिळवा. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये "उत्पादकाच्या सूचनेनुसार" हे शब्द आहेत. म्हणजे त्या पत्रिकेतली वाळण्याबद्दलची ओळ कराराचाच भाग ठरते.

तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील तुम्ही ओझरता लिहिला आहे: उन्हाच्या बाजूचे पट्टे अजून धड आहेत. माणूस, डबा आणि सकाळ तीच, फरक फक्त वाळण्याचा. तज्ज्ञाच्या अहवालात हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. पण हीच गोष्ट रंगवाल्यालाही उपयोगी आहे, कारण उन्हाच्या भागातलं त्याचं काम चांगलं झालं आणि त्या भागाचं बिल अडवायला तुमच्याकडे कारण उरत नाही.

पैसे अडवण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. दोघांचंही सगळं बिल सरसकट अडवणं चूक आहे. वादात नसलेल्या भागाची रक्कम 'आमचे हक्क अबाधित ठेवून' असं पत्रात लिहून देऊन टाका. रंगवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा त्याच्या हाती आहे. काम संपल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अशा कामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. पण तो वाद तुमच्या खर्चाने लढण्यात अर्थ नाही. तुम्ही दहाव्या दिवशी फोटोंसह "पट्टे खराब झालेत, दुरुस्त करा" असा संदेश पाठवला होता, ही लेखी हरकत आहे. तो संदेश जपा. फोन बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे तो फोन कोणाच्या ताब्यात होता हे स्पष्ट असलेलं बरं.

दावा कोणावर, याचं उत्तर सोपं आहे: दोघांवर. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात अशा वेळेसाठीच दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १ नियम ७ आहे. भरपाई नेमकी कोणाकडून मिळायची याबद्दल शंका असेल, तर वादी दोघांनाही एकाच दाव्यात प्रतिवादी करू शकतो. एकट्याला ओढलंत तर तो गैरहजर माणसावर सगळं ढकलतो आणि न्यायालय रिकाम्या खुर्चीला काही विचारू शकत नाही.

ग्राहक आयोगाची वाटही तुम्हाला खुली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्था येते आणि सभासदांच्या गाड्या लावण्याची जागा हा व्यापारी हेतू नव्हे. कामाचा मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं. दिवाणी न्यायालयात करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षं. या प्रकरणात मी आयोग निवडेन. कारण त्रुटी कामात आहे की नाही हा मुख्य प्रश्न आहे आणि कागद थोडे आहेत. मात्र थर का उठला यावर तज्ज्ञांची लांबलचक उलटतपासणी लागेल असं दिसलं, तर आयोग दिवाणी न्यायालयात जा म्हणू शकतो. तिथे आदेश २६ नियम ९ खाली स्थळपाहणीसाठी न्यायालयाकडून आयुक्त नेमून घेता येतो. कुठेही गेलात तरी दाखल करण्याआधी व्यवस्थापक समितीचा ठराव हवा.

दुरुस्ती खटला संपेपर्यंत थांबवू नका, पण उद्याच रंगवूही नका. करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये भरपाई आहे, ती भंगामुळे सहज उद्भवलेल्या नुकसानाची. दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानाची नाही. शिवाय गैरसोय दूर करण्याचे जे उपाय तुमच्या हाती होते, तेही हिशेबात धरले जातात. रविवारी रात्री वॉचमनने दोर काढून गाड्या आत सोडल्या हे तुम्ही लिहिलंय. चाकांना रंग लागल्याच्या तक्रारी त्यातल्या. तो खर्च मागू नका, त्याने बाकीची मागणी हलकी पडते. दोघांना एकच नोटीस द्या, पाहणीसाठी आणि दुरुस्तीसाठी १५ दिवस द्या, पाहणीला दोघांना एकाच वेळी बोलवा. त्याआधी स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून नकाशावर खुणा करून फोटो, मोजमापं आणि सोललेल्या तुकड्यांची पाकिटं तयार करून घ्या. सीसीटीव्हीचं शनिवार-रविवारचं चित्रण शिल्लक असेल तर ते सर्वांत आधी काढा. साठवणीची जागा भरली की यंत्र जुन्यावर नवं चढवतं आणि तुमचे तीन आठवडे होऊन गेलेत.

तुमच्या वैयक्तिक काळजीबद्दल. चुकीचा निर्णय आणि गैरव्यवहार यांत कायदा फरक करतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली पदाधिकाऱ्याकडून वसुली होते ती चौकशीत अपहार, विश्वासघात असं काही निघालं तर. सभासदांना गाड्या दुसऱ्यांदा काढायला लावू नयेत म्हणून घेतलेला घाईचा निर्णय त्यात बसत नाही. तो निर्णय कोणी घेतला हे इतिवृत्तात जसं आहे तसं राहू द्या. आता मागाहून ओळी घालू नका. त्या मात्र महागात पडतील.

माझा खरा सल्ला मात्र समेटाचा आहे. सावलीच्या बाजूची झाडलोट आणि सील कोट सील कोटवाल्याने स्वतःच्या खर्चाने पुन्हा करावा, पट्ट्यांची मजुरी रंगवाल्याने सोसावी, रंगाचा खर्च सोसायटीने द्यावा. पाहणीत अख्खा थर उठल्याचं जिथे दिसेल, तिथला रंगाचा खर्चही सील कोटवाल्याकडून घ्या. समेटपत्रात एक कलम न विसरता घाला: पट्टे मारायला हरकत नाही असं सील कोटवाला सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात हात लावून पाहून सहीने कळवेल, किमान ४८ तास उलटल्याशिवाय कळवणार नाही, पाऊस झाला किंवा थर चिकट राहिला तर पुढची तारीखही तोच देईल, आणि ती सही हातात येईपर्यंत सोसायटी कोणाला "उरका" म्हणणार नाही.