‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’: मराठीत एकच शंका, इंग्रजीत दोन दिशा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशी ग्राहकाला तुम्ही ‘आय डाउट देअर इज ॲन एरर इन युअर फाइल’ असं लिहिलंत आणि त्यांचं उत्तर आलं, ‘उत्तम, मग काम सुरू करा.’ तुम्हाला म्हणायचं होतं की फाइलमध्ये चूक असावी. त्यांनी वाचलं ते असं, की ‘फाइलमध्ये चूक असेल असं मला वाटत नाही.’ त्यामुळे त्यांचं उत्तर बरोबरच आहे. तुम्हाला हवा होता तो शब्द ‘सस्पेक्ट’.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘शंका, संशय’ असंच छापलेलं असतं. मीही यात अडकलो होतो. कारखान्यात असताना बाहेरदेशीच्या यंत्रपुरवठादाराला आम्ही कळवलं, ‘वी डाउट अ लीक इन द ऑइल सील.’ त्यांनी सील सोडून बाकी सगळं तपासायला सांगितलं. दोन दिवसांनी सील उघडलं तेव्हा तेल तिथूनच गळत होतं. तेव्हापासून हे दोन शब्द मी फार जपून वापरतो.

फरक दिशेचा आहे. ‘डाउट’पुढे जे वाक्य येतं त्याबद्दल मन ‘नाही’कडे झुकलेलं असतं. ‘सस्पेक्ट’पुढे जे येतं त्याबद्दल ‘हो’कडे. ‘आय डाउट ही इज ॲट होम’ म्हणजे तो घरी नसावा. ‘आय सस्पेक्ट ही इज ॲट होम’ म्हणजे तो घरीच असावा.

आपल्या भाषेत हे दोन्ही अर्थ किती शेजारी नांदतात ते कोर्टाच्या बातमीत दिसतं. पोलीस ज्याला ताब्यात घेतात तो ‘संशयित’. तोच माणूस पुढे निर्दोष सुटतो तेव्हा कोर्टाने त्याला ‘संशयाचा फायदा’ दिलेला असतो. शब्द तोच, पण पहिला संशय म्हणतो, याने केलं असावं. दुसरा म्हणतो, यानेच केलं याची खात्री पटत नाही. पहिला ‘सस्पेक्ट’, दुसरा ‘डाउट’. मराठी वाचकाला संदर्भावरून हे आपोआप कळतं, म्हणून आपण कधी थांबून विचारच करत नाही.

शब्दांची मुळं पाहिली तर फरक मनात पक्का बसतो. ‘डाउट’ लॅटिनमधल्या ‘दुबितारे’वरून फ्रेंचमार्गे आला, आणि त्यामागे ‘दुओ’ म्हणजे दोन आहे, आपल्या ‘द्वि’चा भाऊबंद. म्हणजे मन द्विधा होणं. (यातला ‘बी’ उच्चारात नाही. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा तो नव्हताच. पुढे लॅटिनची आठवण म्हणून विद्वानांनी तो स्पेलिंगमध्ये घातला.) ‘सस्पेक्ट’मध्ये मात्र पाहणं आहे: ‘सुब्’ म्हणजे खालून, ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. संस्कृतात हेराला ‘स्पश’ म्हणतात, तोही याच कुळातला. नजर कशावर तरी रोखलेली आहे, तो ‘सस्पेक्ट’.

लिहिताना एकच करा. आधी ‘शंका’ शब्द बाजूला ठेवून वाक्य मराठीत म्हणा. ‘बहुतेक असं असावं’ असं निघालं तर ‘सस्पेक्ट’. ‘असं असेलसं वाटत नाही’ असं निघालं तर ‘डाउट’. मराठी क्रियापदही बऱ्याचदा मदत करतं. ‘दूध नासल्याची शंका आली’, इथे ‘सस्पेक्ट’. ‘तो येईल की नाही, शंकाच आहे’, इथे ‘डाउट’. पण ‘मला शंका आहे, तोच चोर आहे’ असंही आपण म्हणतो, म्हणून क्रियापदावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

सगळ्यात जास्त काळजी दवाखान्यात घ्यायला हवी. ‘वी सस्पेक्ट डेंग्यू’ म्हणजे डेंग्यू असावा, रक्त तपासा. त्याऐवजी ‘वी डाउट इट इज डेंग्यू’ लिहिलं तर वाचणारा डेंग्यू नसावा असं समजेल. परदेशातल्या डॉक्टरला घरच्या माणसाबद्दल ईमेल करताना हे विसरू नका.

‘त्याच्यावर संशय’ यातला ‘वर’ इंग्रजीत नेऊ नका. ‘आय सस्पेक्ट हिम’ एवढंच पुरतं. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही.

कुणी म्हणेल, स्कॉटलंडमध्ये ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार असं वाटतंय. खरं आहे, तिथल्या बोलीत तो अर्थ आजही आहे. पण तुमचा ग्राहक तसा वाचेल हे गृहीत धरता येत नाही.

राहिला वर्गातला ‘सर, आय हॅव अ डाउट’. तो आपल्या शंका विचारण्यातून, शंकानिरसनातून आला आहे आणि भारतात सगळ्यांना समजतो. मी त्याला चूक म्हणणार नाही. बाहेरच्या माणसाला मात्र तो अविश्वासासारखा ऐकू येऊ शकतो, म्हणून तिथे ‘क्वेश्चन’ वापरा.

आता आधी ग्राहकाला फोन करा, कारण ते तुमच्या भरवशावर पुढे निघाले आहेत. मग लेखी पाठवा: ‘आय सस्पेक्ट देअर इज ॲन एरर इन द फाइल. प्लीज चेक बिफोर वी स्टार्ट.’ कुठल्या ओळीत चूक वाटते तेही सोबत लिहा.