पहिला स्वेटर स्वतः विणायचा आहे. नमुना कसा निवडावा?

जाळीचे किंवा वेणीचे नमुने तूर्तास बाजूला ठेवून सुलट-उलट टाक्यांचा साधा नमुना घ्यावा, आणि निवडताना चित्रापेक्षा त्यात दिलेले टाक्यांचे प्रमाण पाहावे. समजा, १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले असून तुमच्या हाताने २० च बसतात, तर २२० टाक्यांचा घेर १०० ऐवजी ११० सेंटिमीटर होतो. म्हणून त्याच लोकरीचा आणि सुयांचा एक चौकोन विणून, धुऊन, सपाट वाळवून मगच टाके मोजावेत (काम कंटाळवाणे आहे खरे). ते कमी भरल्यास सुई बारीक घ्यावी. माप अंगाऐवजी नीट बसणाऱ्या जुन्या स्वेटरवरून घेतलेले बरे, कारण त्यात सैलपणा आधीच धरलेला असतो. लोकर एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, थोडी जास्तच आणावी.