युरोपीय वैद्यक पोहोचण्याआधी आफ्रिकेत सिझेरियन होत होतं का?

हो, होत होतं, आणि त्यात आई-बाळ दोघंही वाचल्याची नोंद आहे. आजच्या युगांडातल्या बुन्योरो राज्यात 1879 मध्ये रॉबर्ट फेल्किन या प्रवाशाने असं एक ऑपरेशन स्वतः पाहिलं आणि 1884 मध्ये एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापलं. बाईला गुंगी यावी म्हणून केळीची दारू पाजली होती. त्याच दारूने शस्त्रक्रिया करणाऱ्याने आपले हात आणि तिचं पोट धुतलं. पोटावर उभा छेद घेतला, रक्त येईल तिथे तापलेल्या लोखंडाने डाग दिला, बाळ काढल्यावर गर्भाशय आकसेपर्यंत हाताने दाबून धरलं. मग जखमेच्या कडा जुळवून सात बारीक लोखंडी सुया टोचल्या, त्या झाडाच्या सालीच्या दोऱ्याने आवळल्या आणि वर मुळ्यांचा लेप लावला. अकराव्या दिवशी जखम भरलेली होती. त्या काळी युरोपात या ऑपरेशनमध्ये बहुतेक बायका दगावत, हे लक्षात घेतलं की या कामाचं मोल कळतं. एवढ्या सराईत हातांमागे जुनी परंपरा असणार, असं फेल्किनलाही वाटलं, आणि मला ते पटतं. मात्र इतकं बारकाईचं प्रत्यक्षदर्शी वर्णन या एकाच प्रसंगाचं आहे. त्यामुळे तिथे अशी ऑपरेशनं सर्रास होत होती, असं त्यावरून म्हणता येत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नावही फेल्किनने नोंदवलेलं नाही, याची खंत वाटते.