गिरणी खडखडू दे

प्रिय,

मौन प्रार्थनेला बसलं की पाचव्या मिनिटाला डोक्यात बाजार भरतो, म्हणजे हे आपल्याला जमणारं नाही, असा निष्कर्ष तू काढला आहेस. बाजार आधीपासूनच भरलेला होता. गप्प बसल्यामुळे तो ऐकू आला, एवढंच.

मन रिकामं करणं हा या प्रार्थनेचा हेतूच नाही. ख्रिस्ती परंपरेत मौन म्हणजे कुणासमोर तरी गप्प बसणं. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या मंद, शांत वाणीत भेटला. आपण बोलणं थांबवायचं ते त्या वाणीसाठी.

आता बैठकीचं. खुर्ची चालते, जमिनीवरच बसायला हवं असं काही नाही. पाठ सरळ, तळपाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर सैल. मागे रेलून बसलं की दहा मिनिटांत डुलकी लागते, आणि जेवणानंतर लगेच बसलं तर त्याआधीच. फोनवर मंद आवाजाचा गजर लावून तो पालथा, हात पोचणार नाही इतका लांब ठेव. नाहीतर सातव्या मिनिटाला 'बघू किती राहिलं' सुरू होतं. पहिले २ आठवडे १० मिनिटं पुरेत, मग २०. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर गावच्या ट्रॅपिस्ट (मौनाला महत्त्व देणाऱ्या एका कॅथलिक संघाच्या) मठातून जी 'सेंटरिंग प्रेयर' ही मौन प्रार्थनेची पद्धत पसरली, तिचं माप २० मिनिटं, दिवसातून दोनदा, असं आहे. तुला एकदाच जमत असेल तर सकाळची वेळ धर.

बसण्याआधी ५ मिनिटं शास्त्रवाचन. स्तोत्रातल्या किंवा शुभवर्तमानातल्या पाच-सहा ओळी, जास्त नकोत. १२व्या शतकातल्या दुसऱ्या गिगो या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या संन्याशांच्या संघातल्या) मठाधिपतीने देवाकडे नेणाऱ्या शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर असणं. लोक पहिल्याच पायरीवर तीन अध्याय वाचतात आणि मौनाची सगळी २० मिनिटं त्यांवर प्रवचन रचण्यात घालवतात. एखादी ओळ अडवेल, तिथेच थांब आणि पुस्तक मीट.

मौनासाठी एक शब्द लागतो. 'येशू', 'अब्बा' (म्हणजे बाबा), किंवा 'मारानाथा'. हा शेवटचा अरामी भाषेतला, अर्थ 'हे प्रभू, ये'; बायबलमध्ये पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी तो आहे. म्हणायचा तो मा-रा-ना-था असा, चारही अक्षरांना सारखं वजन देऊन. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांची रीत वेगळी: 'हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' पहिला भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना. यात श्वास मुद्दाम लांबवू किंवा रोखू नकोस. गरगरायला लागतं, आणि लोक त्या गरगरण्यालाच आध्यात्मिक अनुभव समजतात. श्वासावरचे याहून पुढचे प्रयोग जाणत्या मार्गदर्शकाशिवाय करायचे नसतात, हे त्या परंपरेतले जुने लोकच बजावून सांगत आले आहेत. यांतलं काहीही निवड, पण निवडल्यावर निदान वर्षभर बदलू नकोस. दर आठवड्याला नवा शब्द शोधणं हेही भटकणंच. दिसायला भक्तिमय, इतकंच.

आणि विचार. सगळे एका जातीचे नसतात. राहिलेली कामं, कालचं भांडण, आणायचं सामान हे साधे. शब्दाकडे वळलं की मागे पडतात. त्यांना हुसकावायचं नाही, कारण हुसकावणं हाही एक विचारच. दुसरी जात हुशार: नेमकं मौनातच एखादं सुंदर सुचतं, अडलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि वाटतं, हे तर देवानेच दिलं, लिहून ठेवू. लिहू नकोस. खरंच देवाचं असेल तर २० मिनिटांनंतरही राहील. सगळ्यांत चिवट तिसरी: 'वा, आता किती शांत वाटतंय!' त्या क्षणी प्रार्थना संपलेली असते आणि प्रार्थना करणाऱ्याचं निरीक्षण सुरू झालेलं असतं. तिन्हींवर उपाय एकच. लक्षात आलं की न चिडता शब्दाकडे परत यायचं. एका बैठकीत साठ वेळा परतावं लागलं तर देवाकडे साठ वेळा वळणं झालं.

स्पेनमधल्या आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) या भटकणाऱ्या मनाला गिरणीच्या खडखडाटाची उपमा देते: तो चालू दे, आपण आपलं पीठ दळत राहावं. हीच तेरेसा कबूल करते की काही वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तासाचा ठोका कधी पडतो याकडेच जास्त असे.

काही महिन्यांनी जुन्या आठवणी, राग, कारण नसताना रडू असं काही वर येईल. थोडं आलं तर येऊ दे. पण झोप उडाली, दिवसभर त्याच गर्तेत राहणं झालं, तर बैठक १० मिनिटांवर आण किंवा थांबव, आणि मार्गदर्शकाशी बोल. गरज असेल तर डॉक्टरांशीही. अशा वेळी 'अजून जास्त प्रार्थना कर' हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

कोरडेपणाही येईल, म्हणजे प्रार्थनेत काहीच गोडी वाटणार नाही. अशा वेळी मनन सोडून नुसतं देवासमोर राहायची वेळ आली आहे का, हे ओळखायच्या तीन खुणा तेरेसाचा सहकारी क्रूसभक्त संत योहानने (१५४२–१५९१) दिल्या आहेत: पूर्वीसारखं कल्पना करून मनन करता येत नाही आणि त्यात गोडी उरत नाही, दुसऱ्या कशावर मन मुद्दाम लावावं अशी इच्छाही होत नाही, आणि तरी एकट्याने, प्रेमाने देवाकडे लक्ष लावून राहावंसं वाटतं. तिन्ही एकत्र हव्यात. पहिल्या दोनच असतील तर तो कदाचित आळस किंवा खिन्नता असेल, तिसरीवरून ओळखायचं. कोरड्या दिवसांत येशूसंघाचा संस्थापक संत इग्नाती ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायला सांगतो, आणि आधी केलेला निश्चय अशा काळात बदलू नये असंही. म्हणून २० मिनिटं नकोशी झाली तर २१ बस. १५ वर उठायचा निर्णय त्या दिवशी घ्यायचा नाही.

गजर वाजला की लगेच उठू नकोस. डोळे मिटलेले ठेवून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हण, एका श्वासाला एक वाक्यांश. दोन मिनिटं लागतात. थेट उठून फोन उचलला तर त्यानंतरचा अर्धा तास माणूस उगीच चिडचिड करतो. शेजारच्यांना ते आधी कळतं, आणि प्रार्थना कशी चालली आहे याची खबरही त्यांच्याकडूनच मिळते.

एक छोटी वही कर. तारीख, वेळ, किती मिनिटं, एवढंच लिही. 'कशी झाली' हा रकाना आखूच नकोस. महिन्याभराने ती वही घेऊन ये, मग बोलू.