कल्हईची भट्टी ते प्लेटिंगची टाकी

रत्नागिरीत तीन पिढ्या धातूला मुलामा देण्याचं काम करणाऱ्या घरातल्या लेखिका या अंकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : सासूबाईंची पितळेची दोन मोठी पातेली माळ्यावरून काढली आहेत. गणपतीत त्यांत वरण आणि कोकमाचं सार करायचं मनात आहे. बाजाराच्या दिवशी एक कल्हईवाला येतो. त्याची कल्हई चोख आहे की नाही, हे कसं ओळखू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : साराला पातेलं काढताय, म्हणजे कल्हई हवीच. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, तांबं अन्नात उतरतं आणि खाणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. चोख कल्हई म्हणजे निव्वळ कथील. भीती शिशाची. शिसं कथलापेक्षा स्वस्त, आणि मिसळलं तर भांड्याकडे बघून कळत नाही.

माझे आजोबा कथलाची कांडी घेताना दुकानातच ती कानाशी धरून हळूच वाकवायचे. शुद्ध कथील वाकताना बारीक करकरतं, शिसं मिसळलं की तो आवाज मंदावतो. दुसरी खूण कागदाची. शिसं कोऱ्या कागदावर ओढलं की करडी रेघ उमटते. भेसळ थोडी असेल तर या दोन्ही खुणा पुरत नाहीत, तरी कल्हईवाल्याला कांडी दाखवायला जरूर सांगा. चोख माल वापरणारा ती आपणहून हातात देतो.

मग तो भांडं घासतो कसं, ते उभं राहून बघा. आजोबा आधी आतून चिंच चोळायचे, वाळू टाकायचे, वर जुनं फडकं ठेवून पातेल्यात उभे राहायचे आणि कंबर डावीउजवीकडे फिरवत पायांनी घासायचे. पितळ गुलाबी दिसेपर्यंत ते बाहेर येत नसत. तोवर आजीने अंगणातल्या खळग्यात कोळसे पेटवलेले असत आणि भाता तिच्याच हातात असे. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा, त्यातच कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं. कापसाच्या बोळ्याने ते एका दमात काठापर्यंत न्यावं लागतं. जिथे तेलकटपणा उरला असेल तिथे ते धरत नाही, पिवळी बेटं राहतात. पातेलं हातात आलं की उजेडात धरून ही बेटं शोधा. एक जरी दिसलं तरी पैसे देण्याआधी पुन्हा करून घ्या.

घरी आल्यावर ते रिकामं आचेवर ठेवू नका. फोडणी कढल्यात करून वरून ओता, आणि तारेची घासणी त्याच्या जवळही नेऊ नका.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांचा कल्हईचा धंदा होता, वडिलांनी तो सोडला. आता मुलगा केमिकलचा डिप्लोमा करून आलाय आणि प्लेटिंग, म्हणजे विजेवर धातूचा मुलामा देणं, सुरू करायचं म्हणतो. वाशिष्ठीच्या काठाजवळ आमची जागा आहे. तुमच्या घरात हा धंदा तीन पिढ्या कसा टिकला? मुलाला काय सांगू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पत्र वाचून फार बरं वाटलं. सोडलेल्या धंद्याकडे मुलगा स्वतःहून परत वळतोय, हे रोज बघायला मिळत नाही.

आमच्या घरात प्रत्येक पिढीने वेगळं काम केलं. आजोबा पावस, गणपतीपुळे, जयगड या बाजूला भाता खांद्यावर घेऊन फिरायचे. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत हंगाम असे. रोख थोडी मिळायची, बाकी भात. मग चाकरमानी मुंबईहून येताना स्टीलचे डबे, स्टीलची पातेली आणू लागले. स्टीलला कल्हई लागत नाही. एकेका वाडीतलं काम असं गेलं की आजोबांना पुढच्या वर्षी तिथे जायचं कारणच उरलं नाही.

बाबांना त्यांनी गिरगावात नातेवाइकांकडे ठेवलं. तिथल्या एका प्लेटिंगच्या दुकानात बाबा आधी बफ मारायला, म्हणजे फिरत्या चाकावर वस्तू घासून चकाकी आणायला शिकले, नंतर टाकीवर उभे राहिले. परत आले ते बोटीने, सोबत एक जुना रेक्टिफायर, म्हणजे टाकीला एकदिश वीज देणारं यंत्र घेऊन. रत्नागिरीत त्यांनी निकेल आणि क्रोमची टाकी लावली. स्कूटरची हँडलं, दवाखान्यातल्या खाटा, कपाटांच्या मुठी, देवळातल्या समया असं काम यायचं. आजोबा दुकानात येऊन बसत आणि विजेवर धातू चढताना बघत. त्यांचा प्रश्न कायम एकच असे, “घासलंस नीट?”

हाच प्रश्न आमच्या धंद्याचा कणा आहे. बाबा जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, आधी गरम कॉस्टिक सोड्यात डीग्रीज करायचे, म्हणजे तेल काढायचे, मग गंज काढायला ॲसिडमध्ये पिकल, मग साध्या पाण्यातून वर उचलून तिरपा धरायचे आणि नुसतं बघत राहायचे. पाण्याचा पापुद्रा अखंड खाली सरकला तर जॉब स्वच्छ. कुठे फाटला, थेंब जमले, तर तिथे तेल आहे आणि तिथूनच निकेल सुटणार. मी आजही नव्या मुलाला पहिली गोष्ट हीच दाखवते. वीज गेली तरी तोच प्रकार. निकेल चढताना करंट तुटला की वरचा पृष्ठभाग मरतो आणि त्यावरचा पुढचा थर पापडासारखा निघतो. भारनियमनाच्या काळात बाबा असा जॉब पुन्हा पहिल्यापासून करायचे, गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी.

आणखी एक गोष्ट मुलाला सुरुवातीलाच कळू दे. गिऱ्हाइकाला दिसतं ते क्रोम, पण शोभेच्या कामात क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्याही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो आणि त्याला बारीक भेगा असतात. गंज अडवतं ते खालचं निकेल. उघड्यावरच्या वस्तूला ते २५-३० मायक्रॉन तरी हवं. कमी निकेलवर क्रोम मारलं तरी दुकानात ते तितकंच चमकतं. आपल्याकडची खारी हवा भेगांतून आत जाते आणि पावसाळा संपेस्तोवर लाल ठिपके दिसतात. दर पाडून काम घेणारे नेमके इथे निकेल वाचवतात. तुमच्या मुलाने तसं काम घेऊ नये.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून धंद्यात आले, आणि माझ्या वाट्याला आलं धुतलेलं पाणी. आजोबांच्या धुण्याची चिंच आणि वाळू परसात माडाच्या मुळाशी जायची. प्लेटिंगच्या पाण्यात क्रोमियम, निकेल, ॲसिड असतं. जुन्या क्रोमच्या टाकीतलं सहा संयुजेचं क्रोमियम हे सिद्ध झालेलं कर्करोगकारक आहे, आणि कोकणात घराघरात विहीर आहे. आमच्या शेडमध्ये हे पिवळं पाणी वेगळ्या टाकीत घेतो, गंधकाम्लाने सामू दोन-अडीचवर आणतो, मग सोडियम मेटाबायसल्फाइट सोडतो. ढवळता ढवळता पिवळ्याचं हिरवं होतं. पूर्ण हिरवं झालं, तपासणीत सहा संयुजेचं काही उरलं नाही, की चुना घालून सामू आठ-नऊवर न्यायचा. मग गाळ खाली बसतो. तो अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच जातो. हे काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

तेव्हा मुलाला सांगा, पहिला पैसा सांडपाण्याच्या टाक्यांवर घाल, रेक्टिफायर नंतर घे. प्लेटिंग लाल श्रेणीतला, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्यांत धरलेला उद्योग आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हातात आल्याशिवाय शेडचा पायासुद्धा खणू नये. धुण्याच्या टाक्या ओळीने तीन लावाव्यात आणि जॉब ज्या दिशेला जातो त्याच्या उलट दिशेने पाणी खेळवावं. पाणी कितीतरी कमी लागतं. सायनाइडच्या वाटेला जाऊ नये. झिंकला सायनाइडविना चालणाऱ्या टाक्या आहेत. सायनाइडला ॲसिड लागलं की जो वायू सुटतो, तो माणूस मारतो. क्रोम करायचंच असेल तर तीन संयुजेचं करावं.

जागेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तिथे नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. तसं पाणी ॲसिडच्या पिंपांपर्यंत आलं तर ते सगळं नदीत, आणि नदीतून खाडीत जाईल. पूररेषेच्या बराच वर, औद्योगिक वसाहतीत भाड्याने गाळा मिळाला तरी चालेल. काठावरच्या जागेत दुसरं काही करा. आणि आजोबांचा भाता घरात असेल तर मोडीत घालू नका. पितळेची भांडी पुन्हा वापरात येताहेत, चोख कल्हई करणारा माणूस सापडत नाही, आणि मुलाला महिन्यातले चार दिवस ते कामही मिळेल.

प्रश्न : बोटीला बाजारातून चकचकीत झिंकचे नटबोल्ट आणून लावले. एका पावसाळ्यात लाल झाले. प्लेटिंग खोटं होतं का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : खोटं असेलच असं नाही. विजेवर चढवलेलं झिंक साधारण ५ ते १२ मायक्रॉन असतं. घरातल्या कपाटाला ते पुष्कळ झालं, समुद्रावर पुरत नाही. तुम्हाला हॉट डिप हवं. त्यात लोखंड साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. बोल्टवर ४०-५० मायक्रॉन आणि जाड लोखंडावर ८० च्या आसपास थर बसतो. दिसायला करडं, खडबडीत असतं, म्हणून लोक नाक मुरडतात. हॉट डिपचे नट जास्त सैल आट्यांचे असतात, तेव्हा नट आणि बोल्ट जोडीनेच घ्या, नाहीतर चढणार नाहीत. खर्च झेपत असेल तर ३१६ नंबरचं स्टेनलेस घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त तग धरतं. पाण्याखाली पंख्याजवळ झिंकची वडी बसवलेली असेल, तिला रंग लावू नका. ती झिजली तरच पंखा वाचतो. निम्मी झिजली की बदला.