मुंबईचं तिकीट काढण्याआधी

प्रिय दोस्ता,

आपल्या नागपूरच्या मारबतीचं, म्हणजे ईडा-पीडा गावाबाहेर न्यायला मिरवत नेतात त्या मोठ्या पुतळ्याचं, फुटेज पाहिलं. ड्रोन छान उडवलायस, गर्दी अंगावर येते, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळीही नेमक्या जागी पडली आहे. पण तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारीत निम्मं नागपूर मोबाईल उंचावून हेच टिपत असतं. पिवळी मारबत शंभराहून अधिक वर्षं निघते आहे. तिचा बांबूचा सांगाडा कोण बांधतं, वर्गणी कोण काढतं, यंदाच्या बडग्यात, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या टिंगलीच्या पुतळ्यात, कोणाची टिंगल करायची यावरून गल्लीत कोण कोणाशी भांडतं, हे तुझ्या फुटेजमध्ये कुठंच नाही. तुझी फिल्म त्या भांडणात आहे, आणि तिथं शिरायला वेळ द्यावा लागतो.

मुंबईला जाऊ का, या प्रश्नाचं उत्तरही मी त्यावरूनच देईन. आपल्या माहितीपटांच्या धंद्यात कॅमेऱ्यापेक्षा वेळ महाग. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात मुंबईतल्या 1997 च्या रमाबाई नगर पोलीस गोळीबारापाशी होते आणि फिल्म 2011 मध्ये येते. अंधेरीत खोलीभाडं भरत असा वेळ काढता येईल का, तूच हिशेब कर. इथं राहायला घर आहे, दोन वेळचं जेवण आहे, स्कूटीला किक मारली की इतवारी. लग्नाचे व्हिडिओ करतोस हे इतकं चाचरत का लिहिलंस? लग्नसराईत कमव, पावसाळ्यात स्वतःचं शूट कर. सध्या तुझा निर्माता तूच. 1948 मध्ये सुरू झालेलं, सरकारसाठी माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजनसुद्धा 2022 मध्ये एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झालं, तेव्हा सरकारी कामाची वाट बघत बसू नकोस. मुंबईचा मिफ हा माहितीपटांचा महोत्सव मात्र चुकवू नकोस. 1990 पासून, एक वर्षाआड भरतो. पोटभर फिल्म बघ, चहाच्या रांगेत ओळखी कर आणि परत ये.

आता खटकलेलं सांगतो. त्या म्हाताऱ्या कारागिराच्या मुलाखतीत मागं कूलर घरघरतोय आणि अर्धं बोलणं त्यात बुडालंय. ही घरघर एडिटला पूर्ण निघत नाही. फार ताणून काढली तर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. कूलर बंद करायला सांगावं, तर मे महिना, बाहेर 45 डिग्री आणि समोर ऐंशीच्या घरातला माणूस. मी तरी सांगणार नाही. सकाळी सहा-साडेसहाला जा. तेव्हा कूलर लागलेला नसतो, रस्त्यावर हॉर्न कमी असतात आणि म्हातारी माणसं सकाळी मोकळेपणानं बोलतात. कॉलरला लावायचा लेपल माइक लावल्यावर हेडफोन घालून ऐक. शर्टाचं कापड घासतंय का ते तिथंच कळतं. बोलणं आटोपलं की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड कर. हा रूम टोन नसेल तर एडिटर मुलाखतीचे सांधे झाकणार कशानं?

‘परंपरेबद्दल सांगा’ असंही विचारू नकोस. त्यावर माणूस वर्तमानपत्रात छापून आलेलंच बोलतो. बांबू कुठून आणता, मागच्या वर्षी किती लागले, पैसे कमी पडले तेव्हा काय केलं, हे विचार. ‘काहून विचारून राह्यला बे?’ असं कोणी म्हणालं तर खूश हो, कारण आता तो कॅमेऱ्याशी नाही, तुझ्याशी बोलतोय.

भांडण शूट केलंस तर फिल्म पक्की करण्याआधी त्या माणसांना दाखव. काही दिग्दर्शकांना हे पटत नाही. कापाकापीचा हट्ट होतो म्हणतात. होतो, थोडा होतो. पण त्यांना त्याच गल्लीत राहायचं आहे आणि तुलाही पुढच्या पोळ्याला तिथंच जायचं आहे. शेवटचा निर्णय तुझा, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेव.

तेव्हा मारबत बांधायला घेतात त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडं बसायला लाग. सुरुवातीला कॅमेरा पिशवीतच राहिला तरी चालेल. फुटेजच्या दोन कॉपी दोन वेगळ्या घरांत ठेव. आणि मला आता ट्रेलर पाठवू नकोस. एखाद्या संध्याकाळचं वीस मिनिटांचं सलग, न कापलेलं फुटेज पाठव.

तुझा,
दादा