अभिप्रायवही, शिबिरातील छायाचित्रे आणि सहभागींची गोपनीयता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या छोट्या कलादालनात प्रवेशाशीच अभिप्रायवही ठेवलेली असते. तिच्यात नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि अभिप्राय असे रकाने आहेत. अलीकडे एका प्रेक्षक महिलेने क्रमांक लिहिण्यास नकार दिला. हा रकाना काढून टाकावा का?

उत्तर : जरूर काढावा, आणि पत्त्याचाही काढावा. टेबलावर उघड्या पडलेल्या वहीत स्वतःचे लिहिण्यापूर्वी प्रत्येक जण वरच्या चार-दोन नोंदी वाचतोच. एका प्रदर्शनात माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी वहीच्या अख्ख्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतलेला मी पाहिला. त्यांना एखादा अभिप्राय मनापासून आवडला असेल, हे मी मान्य करतो. परंतु त्या पानावरील दहा-बारा जणांचे क्रमांक आणि घरचे पत्ते त्याच क्षणी एका अनोळखी माणसाच्या खिशात गेले आणि त्यांपैकी कोणालाही याची कल्पना नव्हती. अभिप्राय देण्यासाठी क्रमांकाची गरज नसते. पुढील कार्यक्रमांची सूचना ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी वेगळ्या चिठ्ठ्या आणि एक बंद पेटी ठेवावी, आणि क्रमांक कशासाठी घेतला जात आहे व नको झाल्यास कोणाला कळवायचे, हे चिठ्ठीवरच छापावे.

वही कागदी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, कागदावर घेतलेली माहिती पुढे संगणकात चढवली की तिलाही तो कायदा लागू होतो. आणि संस्थेतील एखादा उत्साही कार्यकर्ता ती एक्सेलमध्ये चढवतोच, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही मुलांसाठी नाट्यशिबिरे घेतो. प्रवेश अर्जाच्या शेवटी ‘शिबिरातील छायाचित्रे संस्थेला वापरता येतील’ असे वाक्य असून त्याखाली पालकांची सही घेतो. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : माझ्या मते नाही. प्रवेश आणि छायाचित्रे या दोन गोष्टी एकाच सहीत बांधल्या की पालकांपुढे निवड उरतच नाही; मुलाला शिबिराला पाठवायचे असेल तर सही करणे भाग पडते. संमती मोकळेपणाने आणि विनाअट दिलेली असावी, हे भारतीय कायद्याला अपेक्षित आहे. युरोपीय संघात २५ मे २०१८पासून लागू असलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमावलीनुसार (जीडीपीआर) तर आधीच खूण करून ठेवलेली चौकट संमती म्हणून धरलीच जात नाही. म्हणून छायाचित्रांसाठी वेगळा कागद करावा आणि त्यावर संस्थेच्या दप्तरासाठी, छापील अहवालासाठी आणि समाजमाध्यमांसाठी अशा तीन स्वतंत्र होकार-नकाराच्या जागा ठेवाव्यात. भारतीय कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाची स्वतःची सही पुरत नाही. तरीही मुलाला विचारावेच, कारण चेहरा त्याचा आहे.

नकार आल्यावर काय करायचे, हे अर्जात नसते आणि खरी कसोटी तिथेच लागते. एका शिबिराच्या समारोपाला सामूहिक फोटोच्या वेळी ‘तू जरा बाजूला हो’ असे एका मुलीला सर्वांसमक्ष सांगण्यात आले. स्वतः रंगवलेला मुखवटा हातात धरून ती फोटो संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. हा प्रसंग मला अजून बोचतो. छायाचित्रकाराला अशा मुलांची ओळख आधीच शांतपणे करून द्यावी. समाजमाध्यमांसाठी तालमीतील पाठमोरी दृश्ये, मुखवटे, रंगाने माखलेले हात टिपावेत. मुखवटे घालून काढलेल्या सामूहिक फोटोत तर सर्वांनाच उभे राहता येते. फोटोखाली मुलांचे पूर्ण नाव आणि शाळा लिहू नये. कॅमेऱ्यातील ठिकाणाची नोंद बंद ठेवावी, कारण अनेक मोबाइल फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश साठवतात.

प्रश्न : कार्यशाळेतील सर्वांचा व्हॉट्सॲप गट केला होता. त्यातून क्रमांक मिळवून एक सहभागी दुसऱ्या सहभागी महिलेला नको ते संदेश पाठवू लागला. चूक आमची की त्याची?

उत्तर : गैरवर्तन त्याचे आहे, क्रमांक त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र संस्थेने मोकळी करून दिली, आणि तेवढी जबाबदारी संस्थेने त्या महिलेकडे स्पष्ट शब्दांत मान्य करावी. प्रथम तिला फोन करून तिचे ऐकून घ्यावे, तिला काय हवे ते विचारावे, त्या व्यक्तीला गटातून काढावे आणि तिची इच्छा असल्यास पोलिसांकडे तक्रार करण्यास साहाय्य करावे. पुढील वेळी गटाऐवजी व्हॉट्सॲपचीच प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) वापरावी. तीत सहभागींना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. ज्यांनी संस्थेचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच असा संदेश पोहोचतो, म्हणून तो जतन करण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी.

प्रश्न : आम्ही अभिप्राय अर्जावर नाव विचारत नाही, फक्त वय, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण विचारतो. असा अर्ज निनावीच ना?

उत्तर : बारा जणांच्या कार्यशाळेत साठीची निवृत्त परिचारिका एकच असेल, तर तिचे नाव लिहिण्याची गरजच काय? अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले होते की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता असते. तुमच्यासारख्या लहान गटात तर याहून कमी माहिती पुरते. वयोगट विचारावा, बाकीचे गाळावे.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वीच्या एका सहभागीने तिची सर्व माहिती काढून टाकण्याची मागणी केली आहे. तिचे नाव स्मरणिकेतही छापलेले आहे. काय करावे?

उत्तर : मागणीमागचे कारण विचारू नये. संपर्कयादी, नोंदणी अर्ज, सामायिक फोल्डर, कार्यकर्त्यांच्या मोबाइलमधील प्रती आणि जुने ईमेल असे सर्वत्र शोधावे. ऑनलाइन तक्त्यातून ओळ पुसली तरी त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ती शिल्लक राहते, हे लक्षात घ्यावे. शुल्काची पावती हिशेबासाठी ठेवणे आवश्यक असेल तर तेवढीच ठेवावी. वाटून झालेल्या स्मरणिका परत मागवता येणार नाहीत. पण संकेतस्थळावरील प्रतीतून नाव काढता येते आणि पुनर्मुद्रणात गाळता येते. त्यानंतर काय काढले, काय ठेवले आणि का ठेवले, हे तिला लेखी कळवावे. ही शोधाशोध करताना इतर सहभागींचीही गरज संपलेली माहिती हाती लागेल. तीही त्याच बैठकीत नष्ट करून त्याची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात घ्यावी.